चार बोटं कमी

हे खोटं वाटणार असेल तर आत्ताच पुढं जा. मला कुणाला पटवायचं नाही, आणि खाली येऊन "फेक आहे" लिहिणाऱ्यांशी भांडायची ताकद पण उरलेली नाही.

मी दानेश्वरी, सोलापूरची. शाळेत गणित शिकवते. उगाच काहीबाही मानायची सवय मला कधीच नव्हती. ह्या पेजवरच्या गोष्टी वाचून मी आमच्या ह्यांना म्हणायची, "बघा, आली परत पांढरी साडी."

आता नाही म्हणत.

सगळ्यांच्या गोष्टीत भूत रात्री येतं. आमच्याकडं दुपारी आलं. मागच्या मे महिन्यात, भर उन्हात, जेवणं झाल्यावर. बाळीवेशीच्या मागच्या बोळात, माझ्या माहेरच्या घरात.

आणि त्याला भूत म्हणताना माझी जीभ अडते.

कारण तो माझा भाऊ.

नंदीश माझ्यापेक्षा लहान. घरांवर सोलर पॅनल बसवायचं काम करायचा. कमरेला कायम टेप अडकवलेली. पिवळी, मोजायची टेप. लग्नाला जाताना पण काढायचा नाही. मी म्हणायची, "अरे, तिथं काय नवरी मोजणार आहेस का?" तर म्हणायचा, "असू दे की अक्का, कुठं काय मोजायला लागंल सांगता येत न्हाय."

घर आमचं जुनं. जाड मातीच्या भिंती. पुढं एक खोली, मागं स्वयंपाकघर, आणि वर पत्र्याखाली माळा. माळ्यावर जायला लाकडी शिडी. अप्पा लवकर गेले. अव्वानं, म्हणजे आमच्या आईनं, कडक भाकऱ्या करून विकल्या आणि आम्हाला मोठं केलं. भाकऱ्या खाली थापायच्या आणि वर माळ्यावर टोपल्यांत ठेवायच्या. तिथं पत्रा असा तापतो की भाकरी आपोआप कडक राहते.

नंदीशचं लग्न ठरलं अक्कलकोटच्या महेश्वरीशी. सोयरीक चांगली होती. पोरगी गोड होती. बैठकीत तिच्या वडलांनी घर फिरून बघितलं आणि एकच विचारलं.

"समदं चांगलं हाय. पण पोरगी निजंल कुटं?"

पुढच्या खोलीत अव्वा आणि नंदीश झोपायचे.

नंदीशनं वर बोट दाखवलं. "माळ्यावर खोली काढतो."

बोळातल्या लोकांनी सल्ले दिले. परवानगी कशाला, पत्रे चढवा, कोण बघायला येतंय? पण नंदीशचं डोकं वेगळं. "महेश्वरीला बिनपरवान्याच्या खोलीत आणायचं न्हाय. उद्या कुणी येऊन पाडली तर ती काय म्हणंल?"

त्याचा मित्र गुरुशांत सिव्हिल इंजिनियर. त्यानं नकाशा केला. नुसती सामान ठेवायची जागा असती तर चाललं असतं, पण माणसं राहायची म्हणजे नियम आले. हवेला खिडकी पाहिजे. शिडी चालत नाही, नीट जिना पाहिजे. जुन्या भिंती वजन पेलतील असा दाखला पाहिजे. आणि छताची उंची पाहिजे.

उंचीत गाडं अडलं.

चार बोटं कमी.

महापालिकेतून नकाशा परत आला. नंदीशला ते पटेना. सुट्टीच्या दिवशी जेवला की चढलाच शिडीवर. खाली आम्हाला आवाज यायचा. टेप ओढायची, धरायची, सोडायची. सर्र्र… खट्. मग खांबावर पेन्सिलीनं आकडा लिहायचा आणि त्याच्यावर फू करून फुंकर मारायची. ही त्याची शाळेपासूनची खोड. वहीवरचा खोडरबराचा चुरा पण तसाच उडवायचा, नेमका माझ्या तोंडावर.

"अक्का, ह्या कोपऱ्यात बसतंय बहुतेक."

"तुझ्या मोजण्यानं पत्रा वर सरकणार आहे का रे?"

"सरकंल की. तू जरा ढकल."

अव्वा भाकरी थापता थापता हसायची.

शेवटी गुरुशांतनंच मार्ग काढला. लोखंडी गर्डर टाकून छप्पर उचलायचं. तसा नवा नकाशा टाकला. आता मंजुरीची वाट बघायची, एवढंच राहिलं होतं.

जानेवारीतली गड्ड्याची जत्रा नुकतीच उरकली होती. नंदीश माढ्याला कामाला गेला. येताना अंधार पडला. रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती. मागं लाल दिवा नव्हता.

एवढंच सांगते. पुढचं मला लिहिता येत नाही.

आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत. बसवून माती देतात. मठाचे स्वामी आले, विभूती लावली, त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याच्या कमरेची टेप कुणीतरी काढून माझ्या हातात दिली होती. ती मी अव्वाच्या कपाटात ठेवली.

आमच्यात म्हणतात, माणूस लिंगैक्य झाला. शिवात मिळाला. म्हणजे भूतबीत आमच्यात नसतंच.

नसतंच… असं मी पण धरून चालले होते.

मार्चमध्ये गुरुशांत घरी आला. दारातच उभा राहिला. आत येईना. मोबाईल पुढं केला फक्त.

मंजुरी आली होती.

अव्वानं स्क्रीनकडं बघितलं. तिला वाचता येत नाही. पण तिला कळलं. ती आत गेली आणि परातीत पीठ घेऊन बसली. किती तरी वेळ नुसतं पीठ मळत होती.

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि मी अव्वाकडं राहायला आले. तिला माझ्याकडं, जुळे सोलापूरला न्यायचं म्हणून आले होते. ती येत नव्हती. रोज एकच, "न्हाय. मला हितंच बरं हाय."

आल्या आल्या एक गोष्ट खटकली. दुपारी भाकरी थापायचा आवाज नव्हता. जन्मापासून ह्या घरात दुपारी थाप-थाप-थाप असायची. आता अव्वा सकाळीच सगळं उरकायची, आणि जेवणानंतर भिंतीला टेकून बसायची. गप्प. झोपायची पण नाही.

वर बघत बसायची.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी, दुपारी लाईट गेली. कूलर घरघर करत बंद पडला. बोळात चिटपाखरू नव्हतं. ऊन असं की कुत्री पण गटारीत जाऊन पडलेली.

मी फरशीवर आडवी होते. डोळा लागत होता.

आणि वरनं आवाज आला…

सर्र्र…

…

खट्.

मी उठून बसले. अव्वाकडं बघितलं. ती जागी होती.

"पत्रा तापला," मी म्हणाले.

"व्हय," अव्वा म्हणाली. तिनं माझ्याकडं बघितलं पण नाही.

पत्रा तापला की वाजतो, मला माहीत आहे. ह्याच घरात वाढले मी. पण पत्रा टक्-टक् करतो. सर्र्र करत नाही.

परत आला. ह्या वेळेला जरा पुढं सरकून. मग आणखी पुढं. कुणीतरी कडेकडेनं चाललं होतं. पावलं नव्हती. फळी करकरत नव्हती. नुसता टेपचा आवाज जागा बदलत होता.

मी सरळ कपाट उघडलं.

टेप तिथंच होती. अव्वाच्या साड्यांच्या खाली. मी ती हातात धरली आणि तशीच उभी राहिले.

टेप माझ्या हातात…

आणि वर, डोक्यावर… सर्र्र… खट्.

मी चिडले. घाबरले की मी चिडते, माझा स्वभाव आहे. पदर खोचला आणि शिडी चढले. म्हटलं उंदीर असेल, मांजर असेल, शेजारचं कार्टं असेल, आज सोडायचं नाही.

माळ्यावर कुणी नव्हतं.

टोपल्या होत्या. भट्टीसारखी धग होती. खांबाजवळ पाण्याचा तांब्या होता, नुकताच घासलेला. आणि खांबावर नंदीशचे आकडे. जुने, धुळीनं पुसट झालेले.

त्यांच्या खाली… नवे.

काळे, स्पष्ट. त्याचंच अक्षर. सातची शेपटी तशीच वळवलेली. खालपर्यंत लिहीत आणलेलं.

आकडा एकच होता. प्रत्येक वेळी तोच. चार बोटं कमी असलेला.

मी खाली आले ती घामानं निथळत. अव्वा शिडी धरून उभी होती.

"तांब्यात पानी हाय का बघितलंस?" तिनं विचारलं.

"रिकामा आहे."

"मग भराय पायजे. लई तापतं गं वर. पोरगं भाजतंय तितं."

मी तिला धरून खाली बसवलं आणि दोघी किती तरी वेळ रडलो. तिला पहिल्यापासून माहीत होतं. म्हणून दुपारची थाप बंद केली होती. थापेच्या आवाजात त्याचा आवाज हरवायचा.

"अव्वा, आपल्यात माणूस शिवात मिळतो ना गं?"

"मिळतो की." ती वर बघत म्हणाली. "ह्येचं काम राहिलंय म्हनून ह्यो थांबलाय."

मी गुरुशांतला बोलावलं. त्याला आधी काही सांगितलं नाही. म्हटलं, बांधकामाचं काय करायचं ते बोलू. तो आला, चहा घेतला, बोलत होता. बोलता बोलता थांबला.

सर्र्र… खट्.

कप खाली ठेवला त्यानं. मान वर करून ऐकत राहिला. जागा बदलत आवाज फिरला, तसे त्याचे डोळे फिरले.

"अक्का…" त्यानं बोटानं वर दाखवलं. "तो उंची घेतोय. आधी कडेची, मग मधली. उतरत्या छताला अशीच घेतात. मीच शिकवलं होतं त्याला."

मग तो लहान पोरासारखा रडला. रडत रडतच म्हणाला, "मंजूर झालंय हे त्याला कुणी सांगितलंच नाही ना. त्याला वाटतंय अजून बसत नाहीये."

एवढी साधी गोष्ट आमच्या कुणाच्या डोक्यात आली नव्हती. गेलेल्या माणसाला कोण कशाला निरोप सांगेल?

"मी सांगते," मी उठले.

अव्वानं माझा हात धरला. "तू न्हाय. माझं पोरगं हाय. मी सांगनार."

संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, ती शिडी चढली. गुडघे दुखतात तिचे. एकेका पायरीवर थांबत गेली. मी खाली शिडी धरून. वर जाऊन ती बसली असावी. तिचा आवाज आला, अगदी हळू. लहानपणी नंदीशला 'मगा', म्हणजे कानडीत लेका, म्हणून झोपेतनं उठवताना काढायची तसा.

"मगा… झालं रे. मंजूर झालं. उंची भरली. आता नको मोजू. जा बाळा."

मग काहीच नाही…

पत्रा पण वाजला नाही.

बऱ्याच वेळानं ती खाली आली. डोळे कोरडे होते. दुसऱ्या दिवशी दुपारी आवाज नाही. तिसऱ्या दिवशी नाही. मी महादेवाला बेल वाहून आले. सुटला म्हटलं. माझा भाऊ सुटला. त्या पत्र्याखालच्या आगीतनं सुटला.

शाळा उघडायच्या आधी मी माझ्या घरी परत गेले. अव्वा तेव्हाही आली नाही. म्हणाली, "सवय झाली की बगू."

गोष्ट इथं संपली असती तर मी लिहायला बसले नसते.

पंधरवडा गेला असेल. शाळा लवकर सुटली म्हणून न कळवता अव्वाकडं गेले. दुपारची वेळ. दार नुसतं लोटलेलं. आत गेले तर पुढच्या खोलीत कोणी नाही. स्वयंपाकघरात कोणी नाही.

शिडी लावलेली होती.

आणि वरनं…

सर्र्र… खट्.

हा तर गेला होता. मग परत का?

मी हाक मारणार, तेवढ्यात अव्वाचा आवाज आला. वरनं. अगदी मायेनं.

"न्हाय रे मगा. अजून कमीच पडतंय. चार बोटं कमी हाय म्हनत्यात. परत मोज."

सर्र्र…

खट्.

मी तिथंच खाली बसले.

ती उतरली, मला बघितलं, आणि दचकली पण नाही. पदरानं तोंड पुसलं. मी तिला नको ते बोलले. आई आहेस का कोण आहेस, स्वतःच्या पोराला असं अडकवतेस, त्याला तिथं भाजत ठेवतेस. सगळं बोलले. बोळात ऐकू गेलं असेल.

तिनं सगळं ऐकून घेतलं.

"खरं सांगितलं व्हतं की गं मी," ती म्हणाली. "तुज्यासमोर सांगितलं. गेला बी तो. शाणा व्हता, सांगितल्यावर गेला. मग घर एवढं गप झालं, दाने… एवढं गप झालं. मी दुपारची बसायची आन् कायच न्हाय. तवा कळलं मला, की आता खरंच मेला."

मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

"मग एक दिस वर गेले. म्हनलं, मगा, मंजुरी माघारी गेली रे. येतोस का?"

तिनं वर माळ्याकडं बघितलं.

"आला की लगीच. लई गुणाचं पोरगं."

त्या दिवशी मी तिच्याशी न बोलता निघून आले. नंतर पुन्हा जायला लागले. आई आहे, टाकणार कुठं? ह्यांना सांगितलं तर म्हणाले, तू जाऊन सांग ना त्याला खरं, एका वाक्याचं तर काम आहे.

एका वाक्याचंच आहे.

दिवाळीनंतर मी ठरवून गेले. अव्वाला सांगितलं, आज मी वर जाणार आणि तू मला अडवायचं नाहीस. तिनं अडवलं नाही. शिडी धरली माझ्यासाठी.

मी वर गेले. आवाज चालू होता. त्या टोकाला, खिडकी काढणार होते त्या बाजूला. मी खांबाजवळ बसले.

"तम्मा," मी हाक मारली. लहान भावाला आमच्यात तम्मा म्हणतात.

आवाज थांबला.

म्हणजे… टेप बाहेर आली होती, आणि आत गेली नाही. कुणीतरी ती ओढून धरून ठेवली होती. तो ऐकत होता. अक्का काय म्हणते म्हणून थांबला होता.

मी तोंड उघडलं. मंजूर झालं रे, एवढंच म्हणायचं होतं. पण मग त्यानं विचारलं असतं तर? मग बांधत का नाही? महेश्वरी कुठाय? महेश्वरीचं तर दसऱ्यानंतर लग्न झालं, दुसऱ्या घरात, चांगल्या खोलीत. ते कोणी सांगायचं त्याला?

खाली बघितलं. अव्वा दोन्ही हातांनी शिडी धरून वर बघत होती. नुसती बघत होती.

वर तो थांबलेला. खाली ती थांबलेली.

"तम्मा," मी म्हणाले, "पाणी पी रे. लई ऊन आहे."

बस. एवढंच आलं तोंडातनं.

सर्र्र… खट्.

मी खाली उतरले आणि अव्वानं मला जवळ घेतलं. किती तरी वर्षांनी घेतलं असं.

ह्या वर्षीची गड्ड्याची जत्रा पण झाली. परवा गुरुशांतचा फोन आला होता. काम सुरू केलं नाही तर मंजुरीची मुदत संपेल, मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. काय करायचं विचारत होता. मी म्हटलं कळवते. अजून कळवलेलं नाही.

कधी कधी वाटतं, मुदत संपू दे. म्हणजे अव्वा त्याला सांगते ते खोटं तरी राहणार नाही. असला विचार आला की माझीच मला भीती वाटते.

अव्वा आता रोज दुपारी मला फोन करते. शाळेची मधली सुट्टी असते. ती काही बोलत नाही. शिडी चढून फोन माळ्यावर ठेवते, एवढंच. मी स्टाफरूमच्या कोपऱ्यात कानाला लावून बसते. बाकीच्या मॅडमना वाटतं, आईशी बोलते.

रोज आवाज लांबनं येतो.

आज तसा आला नाही.

आज तो फोनच्या अगदी जवळ आला. सर्र्र… खट्. मग पेन्सिलीची खरखर. मग थोडा वेळ काहीच नाही.

आणि मग माझ्या कानात… अगदी कानात…

फू.

खोडरबराचा चुरा उडवायचा ना, तसा.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. सगळ्या उठल्या. पोरं वर्गात गेली, त्यांचा गोंधळ माझ्यापर्यंत येत होता.

मी फोन ठेवला नाही.